दोष घरच्या वळणाचा की व्यवस्थेचा? मॉयनिहान अहवालाची गोष्ट

"त्यांच्यात शिकायची आवडच नाही हो, घरचं वळणच तसं." एखादा समाज मागे का राहिला, असा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. आज याच वाक्याची एक अमेरिकन गोष्ट ऐकूया.

साल १९६५. वर्षभरापूर्वी नागरी हक्क कायदा झालेला. हॉटेलात, नोकरीत वर्णभेद करणं आता बेकायदेशीर. पण कायदा झाला म्हणून काळे लोक गोऱ्यांच्या बरोबरीला येतील का? या प्रश्नावर कामगार खात्यातल्या डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान नावाच्या अधिकाऱ्याने सरकारसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. विषय: काळं कुटुंब.

त्यात तो दोन गोष्टी म्हणाला. एक, गुलामगिरी, नंतरचा वर्णद्वेष आणि पुरुषांची बेकारी यांनी या कुटुंबाचं कंबरडं मोडलं. (हीच ती गुलामगिरी, जी संपवणाऱ्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' पुस्तक अर्पण केलं.) दोन, आता ते मोडकं कुटुंबच गरिबी पुढे चालू ठेवतंय. काळ्यांमध्ये जवळपास चौथा हिस्सा मुलं लग्नाबाहेर जन्मतात, गोऱ्यांमध्ये साधारण ३ टक्के, असे आकडे त्याने दिले. वर शब्द वापरला 'विकृतींचा गुंता'. शब्द मूळचा केनेथ क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञाचा, पण चिकटला मॉयनिहानला.

बरं, हा काही बंगल्यात वाढलेला साहेब नव्हता. त्याचे वडीलही लहानपणीच घर सोडून गेले होते.

ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली. ३४ माणसं मेली. त्याच सुमारास अहवाल बाहेर फुटला आणि कारण शोधणाऱ्यांना उत्तर आयतंच मिळालं: बापाविना घरं! पोलीस, बेकारी, घरांची टंचाई, सगळं मागे पडलं. अहवालाचा पहिला अर्धा भाग जणू कुणी वाचलाच नाही. काळे नेते भडकले, आणि मला विचाराल तर त्यांचा राग रास्तच होता. १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम रायन यांनी अख्खं पुस्तक लिहून या प्रकाराला नाव दिलं: पीडितालाच दोष देणं.

आता जरा नकाशे बघा. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे रंगीत नकाशे बनवले. हिरवा म्हणजे कर्जासाठी उत्तम, लाल म्हणजे धोका. काळ्यांच्या वस्त्या लालमध्ये. १९३४ पासून सरकार गृहकर्जांना विम्याची हमी देऊ लागलं, पण अशा वस्त्यांना ती हमी जवळजवळ मिळालीच नाही. गोऱ्या कामगाराने हप्ते भरून घर घेतलं, ते मुलांना दिलं. काळा कामगार भाडं भरत राहिला. घरविक्रीतला भेदभाव बेकायदेशीर ठरला थेट १९६८ मध्ये. दोघांचं घरचं वळण अगदी सारखं असतं, तरी एकाच्या पोरांना घर मिळालं आणि दुसऱ्याच्या पोरांना भाड्याच्या पावत्या.

२०२२ मध्ये अमेरिकेतली सगळी गोरी कुटुंबं संपत्तीप्रमाणे रांगेत उभी केली, तर मधल्या कुटुंबाकडे २,८५,००० डॉलर होते. काळ्यांच्या रांगेतल्या मधल्या कुटुंबाकडे सुमारे ४५,०००.

मग वळणाला, सवयींना काहीच अर्थ नाही का? आहे की. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये हा विषय पुन्हा उघडला. ते स्वतः काळे. त्यांचं म्हणणं, कारखाने शहरातून गेले, कामं गेली, आणि ज्या गल्लीत सकाळी कामावर जाणारं कुणी दिसत नाही, तिथे सवयीही बदलतात. म्हणजे सवय खरी, पण आधी काम गेलं. गंमत म्हणजे पुढे गोऱ्यांमध्येही लग्नाबाहेरच्या जन्मांचं प्रमाण १९६५ च्या काळ्यांच्या आकड्यापलीकडे गेलं.

आणि मॉयनिहान? तो पुढे न्यूयॉर्कचा सेनेटर झाला. १९९६ मध्ये गरीब कुटुंबांची सरकारी मदत आवळणारा कायदा आला, तेव्हा 'मोडक्या घरां'ची भाषा जोरात होती. मॉयनिहानने त्या कायद्याच्या विरोधात मत दिलं.