उस्मानाबादी शेळी

उस्मानाबादी शेळी बालाघाटाच्या माळरानावर घडली. तुळजापूर, लातूर आणि उदगीर हे तालुके तिचे मूळ क्षेत्र मानले जातात. उदगीर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात गेला. त्यामुळे जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याची ही जात आज धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांची आहे.

तिला कुणा संस्थानिकाने वा सरकारी प्रक्षेत्राने घडवलेले नाही. उथळ जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि बांधावरच्या बाभळी-बोरी एवढ्यावरच तिची पिढ्यानपिढ्या निवड होत गेली. पाऊस हुकला आणि कडबा महागला की गाय-बैल विकावे लागत. शेळी मात्र काटेरी झुडपांच्या पाल्यावर तग धरी. म्हणून ती भूमिहीनाच्या आणि अल्पभूधारकाच्या दारी राहिली, आणि तिची देखभाल बहुतेक घरच्या बायकांनीच केली. शेळी विकत घेण्याची ऐपत नसली तर ती अर्धलीने घेत: जनावर मालकाचे, राखण पाळणाऱ्याची आणि करडे निम्मी-निम्मी. कितीतरी घरांत पहिली शेळी अशीच आली.

अंगाने ती बहुतांशी काळी. चारांत साधारण तीन शेळ्या काळ्याभोर निघतात. बाकीच्या तपकिरी, पांढऱ्या किंवा ठिपकेदार. काहींच्या लोंबत्या कानांवर पांढरे ठिपके असतात. बोकडाला बहुधा शिंगे असतात, शेळ्यांत मात्र बिनशिंगीही पुष्कळ. पण पाळणाऱ्याची नजर रंगापेक्षा वेतावर असते. गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यामुळे चांगल्या सांभाळात दोन वर्षांत तीन वेते मिळतात, आणि जुळी करडे होणे नेहमीचे. जुळी देणाऱ्या शेळीची पाठ, म्हणजे मादी करडू, घरी ठेवायची, हीच या जातीची खरी पैदासनीती.

सरकारी प्रयत्न उशिरा आले. १९७८ मध्ये राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. तुळजापूर तालुक्यातील तीर्थ येथे त्याचे प्रक्षेत्र आहे. अखिल भारतीय शेळी सुधार प्रकल्पाचे उस्मानाबादी केंद्र फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चालते.

धोका बाजारातून येतो. कळपातला सर्वांत भरदार बोकड बकरी ईदला सर्वांत आधी विकला जातो आणि पैदाशीला उरतो तो किरकोळ. तोच वर्षानुवर्षे कळपात राहिला तर बापाचा लेकींशी संयोग होतो, करडांची वाढ खुंटते आणि मरतूक वाढते. दुसरीकडे वजनाच्या लोभाने बोअर, सिरोही, बीटल या जातींशी संकर सुरू झाला. संकरित करडे वजनदार होतात, पण त्यांना खुराक जास्त लागतो, आणि तो परवडत नाही अशाच घरांसाठी ही शेळी घडली होती. जात टिकवायची तर प्रत्येक गावाने जुळ्यातला एक उत्तम बोकड विक्रीतून वगळावा आणि दर दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी त्याची अदलाबदल करावी.