आमच्या घरची पायपेटी

आपल्या सुतार समाजाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे पहिली अडचण येते ती साधनांची. राजघराण्यांच्या बखरी आहेत, सरदारांची दप्तरे आहेत. परंतु ज्यांनी त्यांच्या वाड्यांच्या तुळया चढविल्या, त्यांची नावे क्वचितच आढळतात. असे असता, गेल्या वर्षी आमच्या घरच्या जुन्या पायपेटीची दुरुस्ती चालू असताना जे एक लहानसे साधन हाती आले, त्याची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी असे वाटले.

हार्मोनियम हे वाद्य मूळचे आपले नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. पायांनी भाता चालवावयाचा, हवेच्या दाबाने पितळी सूर बोलावयाचे आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहावयाचे, अशी त्याची रचना. जमिनीवर बसून वाजविण्याची हातपेटी आपल्या देशात पुढे रूढ झाली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. महाराष्ट्रात पायपेटीला खरा आश्रय दिला तो संगीत रंगभूमीने. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले आणि पुढील काळात नाटक मंडळ्यांच्या साथीत पेटी व ऑर्गन यांनी मानाचे स्थान मिळविले. १९११ च्या ‘मानापमाना’तील पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे निष्णात वादक होते. बालगंधर्वांच्या गायनाला हरिभाऊ देशपांडे यांच्या ऑर्गनची साथ असे.

या वैभवाच्या पडद्यामागे आपली माणसे होती. माझे आजोबा एका नाटक मंडळीत सुतार होते. पडद्यांच्या चौकटी ठोकणे, मुक्काम हलला की सामान बांधणे आणि प्रवासात खिळखिळी झालेली पेटी पुन्हा बोलती करणे, ही त्यांची कामे. १९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट आला. पुढल्याच वर्षी मराठी ‘अयोध्येचा राजा’ आला आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिका खुद्द टेंब्यांनी केली! नाटक मंडळ्या एकामागून एक मोडू लागल्या. आजोबांचीही मोडली आणि थकलेल्या पगारापोटी ही पायपेटी त्यांच्या पदरी पडली. ती बैलगाडीतून घरी आली तेव्हा आजीने “हिच्यावर भाकऱ्या भाजायच्या का?” असे विचारल्याचे वडील सांगत.

ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली व ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. तथापि आमच्या ओसरीवरील भजनाला पायपेटीवाचून कधी सुरुवात झाली नाही.

तिची दैना झाली ती माझ्या हातून, हे कबूल केले पाहिजे. मी मॅट्रिक होऊन शिक्षक झालो. रंधा हाती धरला नाही. घरच्या एका लग्नाच्या वेळी शोभेसाठी मी तिला तेलरंग फासविला आणि निखळलेली फळी रासायनिक गोंदाने चिकटवून घेतली. पुढे भात्याचे चामडे तडकले, आतील बनात कसरीने खाल्ली, उंदरांनी कापड कुरतडले. गेल्या वर्षी एक व्यापारी हॉटेलात शोभेला मांडण्यासाठी ती मागू लागला. मी देणारही होतो. माझ्या पुतण्याने मोडता घातला.

पुतण्याचा रोजचा धंदा प्लायवूडच्या कपाटांचा. तरी त्याने पाच महिने रात्री जागून काम केले. जुने सांधे सरसाचे होते; गरम पाण्याच्या फडक्याने ते निमूट सुटले. मी चिकटविलेली फळी मात्र सुटेना. ती फोडावी लागली. तो म्हणाला, “काका, सरस पुढच्या दुरुस्तीची वाट मोकळी ठेवतो, या गोंदाने ती बंद केली.” निम्मे मुके सूर केवळ धूळ झाडताच बोलू लागले. सुराचे टोक किंचित घासले की तो चढतो, मुळाशी घासले की उतरतो. पण घासलेले पितळ परत येत नाही. म्हणून त्याने कानस शेवटपर्यंत जपून वापरली.

भाता उघडला तेव्हा आतल्या फळीवर शिसपेन्सिलीची अक्षरे दिसली. “भाता नवा केला. शके १८५६, कार्तिक”, आणि खाली आजोबांचे नाव. त्याखाली वडिलांच्या अक्षरात, “चामडे बदलले, १९६२.” त्यापुढची फळी कोरी होती.

काम संपल्यावर पुतण्याने पेन्सिल माझ्या हाती दिली. म्हणाला, “तुमचं अक्षर चांगलं आहे.” आयुष्यभर हजारो वह्या तपासलेला माझा हात त्या वेळी कापला. मी त्याचे काम, त्याचे नाव आणि साल लिहिले. माझे नाव लिहिले नाही. भाता पुन्हा बंद झाला.

ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती की, घरातील जुने लाकडी सामान मोडीत काढण्यापूर्वी ते उलटे करून पाहावे. आपल्या बखरी तेथे लिहिलेल्या असण्याचा संभव आहे.