हाउस ऑफ मर्थ, द

अमेरिकन लेखिका ईडिथ व्हॉर्टन (२४ जानेवारी १८६२–११ ऑगस्ट १९३७) यांची कादंबरी. न्यूयॉर्कच्या धनिक वर्तुळातील झगमगाटाआडचा स्वार्थ व ढोंग हा तिचा विषय. शीर्षक जुन्या करारातील ‘उपदेशक’ या ग्रंथातून घेतले आहे.

प्रकाशन : ‘स्क्रिब्नर्स मॅगझीन’मध्ये जानेवारी–नोव्हेंबर १९०५ दरम्यान क्रमशः प्रसिद्ध. शेवटचा भाग येण्यापूर्वीच, ऑक्टोबरात, पुस्तक निघाले व वर्षअखेरीपर्यंत सु. १,४०,००० प्रती खपल्या. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रूंवरचा पडदा प्रथमच दूर झाल्याची जाहिरात प्रकाशकाने वेष्टनावर छापली होती; स्वतः त्याच समाजातील जुन्या घराण्यात वाढलेल्या व्हॉर्टन यांनी ती काढून टाकायला लावली. चित्रे ए. बी. वेन्झेल यांची.

कथानक : वडिलांच्या दिवाळखोरीनंतर आत्याच्या आश्रयाला आलेली २९ वर्षांची देखणी लिली बार्ट श्रीमंत नवऱ्याच्या शोधात असते, मात्र लग्न ठरण्याची वेळ आली की माघार घेते. याच वर्तुळातील विवाहित बर्था डॉर्सेट स्वतःचे प्रेमप्रकरण झाकण्यासाठी माँटे कार्लो येथे चारचौघांत तिला आपल्या नौकेवर परतण्यास मनाई करते. त्यानंतर लिलीला एकेक दार बंद होते. अखेर ती टोप्यांच्या कारखान्यात काम करते.

आर्थिक व्यवहार : कादंबरीतील नीतीचा कस देण्याघेण्यात लागतो. लिलीचे पैसे शेअरबाजारात गुंतवल्याचे भासवून मैत्रिणीचा नवरा गस ट्रेनर तिला स्वतःच्याच खिशातून सुमारे ९,००० डॉलर देतो आणि मोबदल्यात तिची जवळीक मागतो. आत्या मृत्युपत्रात तिला १०,००० डॉलर ठेवते. उरलेली मालमत्ता ग्रेस स्टेपनी या नातेवाईक स्त्रीला मिळते. वारशाची रक्कम हाती येताच लिली ट्रेनरच्या नावे धनादेश लिहिते. बर्थाची प्रेमपत्रे लिलीपाशी असतात. त्यांच्या धाकावर गेलेली प्रतिष्ठा परत मिळवता आली असती. ती पत्रे ती जाळून टाकते. बर्थाचे स्थान अबाधित राहते. पैसेवाल्यांचे दोष खपवून घेणाऱ्या या समाजात देणे चुकते करते ती निर्धन लिलीच.

शेवट : झोपेच्या औषधाच्या अतिसेवनाने लिलीचा मृत्यू होतो. तो अपघात की आत्महत्या, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. व्हॉर्टन यांनी १९०४ मध्ये एका डॉक्टरांना लिहिलेले व २००७ मध्ये उजेडात आलेले पत्र आत्महत्येच्या बाजूने पुढे केले जाते.

टीका : सायमन रोझडेल या ज्यू धनिकाचे चित्रण वादग्रस्त.

रूपांतरे : नाटक (१९०६, क्लाइड फिच यांच्यासह, अयशस्वी), मूकपट (१९१८), चित्रपट (२०००, दिग्दर्शक टेरेन्स डेव्हिस).