रिक्त पदाचे तुकडे

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा विषय निघाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या स्टाफरूममध्ये एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, आणि तो करणारी माणसे काही वाईट नसतात. त्यांचे म्हणणे असे: हा अर्धवेळ माणूस आहे. येतो, तास घेतो, जातो. जेवढे तास तेवढे मानधन. रजा, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी ही पूर्णवेळ नोकरीची अंगे. ती त्याने मागायची कशाच्या बळावर? शिवाय त्याची निवड नियमित निवड समितीने केलेली नसते, आणि अशांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेच नाकारलेला आहे. पूर्वपक्ष भक्कम दिसतो, म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

खरेखुरे अर्धवेळ अध्यापक असतात, हे मान्य. विधी महाविद्यालयात सकाळी दोन तास शिकवून अकराला कोर्टात उभे राहणारे वकील हे त्याचे चांगले उदाहरण. त्यांचा चरितार्थ वकिलीवर चालतो, त्यांना तासाचे मानधन देण्यात काहीच गैर नाही. पण वणीत, पुसदमध्ये, दारव्ह्यात राज्यशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेल्या माणसाची वकिली कोणती? त्याचे काम मुळात अर्धे नाही. ते अर्धे करून त्याच्या हाती दिलेले आहे. प्राध्यापक निवृत्त होतात, पद रिक्त राहते, त्याचा कार्यभार दोघांत वाटला जातो आणि एकाला आठवड्याला नऊच तासिका मिळतात. वर्ग तोच, अभ्यासक्रम तोच, विद्यार्थीही तेच. 2018 च्या नोव्हेंबरात शासनाने सहायक प्राध्यापकांची 3,580 पदे भरायला मंजुरी दिली. त्यातली राहून गेलेली 2,088 पदे भरायची परवानगी यायला नोव्हेंबर 2021 उजाडला. दरम्यान वर्ग रिकामे राहिले नाहीत. ते याच लोकांनी चालवले.

दुसऱ्या महाविद्यालयात आणखी तास घ्या, असा सल्ला सहज दिला जातो. पुण्यात तो कदाचित चालेल. यवतमाळहून पुसद शंभरेक किलोमीटर, वणी त्याहून लांब. दोन्हीकडे एकाच सकाळी तास घेणे एसटीच्या वेळापत्रकात बसत नाही.

आता पैशांकडे येऊ. मार्च 2023 मध्ये पदवी वर्गांचा दर तासाला 900 रुपये झाला, तेव्हा ‘नऊशे रुपये तास, अजून काय हवे?’ असे अनेकांनी म्हटले. हिशेब करून पाहावा. आठवड्याला नऊ तास आणि वर्षाला अध्यापनाचे तीस आठवडे धरले, एकही तास बुडाला नाही असे मानले, तर वर्षाचे 2,43,000 रुपये होतात. बारा महिन्यांत वाटले तर महिना 20,250. नियमित सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आणि प्रत्यक्ष अध्यापनाची अपेक्षा आठवड्याला सोळा तास. म्हणजे तेच तीस आठवडे धरले, तर महागाई भत्ता बाजूला ठेवूनही त्याचा एक तास 1,442 रुपयांना पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1,500 रुपये सुचवले, ते याच्याच आसपास येतात. ‘तासाचे काम, तासाचे दाम’ हे तत्त्व प्रामाणिकपणे लावायचे असेल, तर सोळापैकी नऊ तासांचे 32,456 रुपये होतात, तेही बाराही महिने. पूर्वपक्षाच्या तत्त्वानेच पूर्वपक्षाचा आकडा चुकतो.

आणि तास म्हणजे काय, हेही ठरवावे लागेल. महिन्याच्या देयकासोबत तारीख, वर्ग, शिकवलेला घटक, विभागप्रमुखांची सही असा तक्ता जोडावा लागतो. त्यात अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणयाद्यांना रकाना नाही, नॅकच्या फायलींना नाही, तपासलेल्या प्रयोगवह्यांना नाही. पोळ्याची सुट्टी नियमित प्राध्यापकाला पगारी, याला बिनपगारी. दिवाळीचा महिना तर जवळपास कोराच. देयक प्राचार्यांच्या सहीने अमरावतीच्या सहसंचालक कार्यालयात जाते, आणि त्याचे पैसे दर महिन्याला येतात असे म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही.

निवडीचा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालाचा आधार घेतला जातो. तो निकाल महत्त्वाचाच आहे. वशिल्याने भरलेल्यांना कायम करू नये, हे त्याचे सूत्र मला मान्य आहे. पण तिथे मुख्य प्रश्न कायम करण्याचा होता. समान कामाच्या समान वेतनाचा प्रश्न 2016 च्या जगजित सिंग निकालात सुटला, तो तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने. डिसेंबर 2024 मधल्या जग्गो खटल्यात तर उमादेवीचा वापर वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना नाडण्यासाठी करू नये, असे न्यायालयाने बजावले. तिथे दाद मागणाऱ्यांत अर्धवेळ सफाई कामगार होत्या. ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वेतनश्रेणीचे किमान वेतन द्या, असा आदेश आला. ते पूर्णवेळ कंत्राटी होते, आपले तासिकेचे, हा फरक खरा. म्हणून मागणीही प्रमाणात आहे, सोळास नऊ अशी.

‘हे मागच्या दाराने आलेले’ हा आरोप तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. कार्यभाराची तपासणी, ना हरकत, बिंदुनामावली, वर्तमानपत्रातली जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, एवढ्या पायऱ्या चढूनच हा माणूस वर्गात येतो. पात्रतेत एक गुण माफ नसतो. दर सत्राला तीच मुलाखत पुन्हा होते, कारण सत्र संपताच नेमणूक संपते. या खंडाची किंमत पुढे मोजावी लागते. ग्रॅच्युइटी कायद्यात शिक्षकांचा समावेश 2009 च्या दुरुस्तीने 3 एप्रिल 1997 पासून झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो 2022 मध्ये उचलून धरला. पण 2025 पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याची अट पाच वर्षांच्या सलग सेवेची होती. दर उन्हाळ्यात सेवा तोडली की दहा वर्षे शिकवणाऱ्याचीही पाच वर्षे भरत नसत. प्रसूती रजेचे तर नावच नको. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या मजूर स्त्रियांना ती 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने मिळवून दिली. आपल्या महाविद्यालयात मुलींना शिकवणारी बाई मात्र बाळंतपणात तास बुडाले म्हणून मानधनाला मुकते.

उरला तिजोरीचा मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने कंत्राटी नेमणुकांना एकूण पदांच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे असे सांगितले. तासिका हा प्रकार त्या मर्यादेबाहेरचा मानून चालवला, तरी पद मंजूर होते तेव्हाच त्याचा खर्च शासनाने स्वीकारलेला असतो. रिक्त पदावर वाचलेला पैसा ही काटकसर नव्हे, ते थकलेले देणे आहे. भरती होईल तेव्हा होवो. नेमणुकीचा आदेश सत्राच्या पहिल्या दिवशीच्या तारखेचा निघावा, मानधन दरमहा बँकेत जमा व्हावे आणि शिकवलेल्या प्रत्येक सत्राचा अनुभव भरतीच्या वेळी ग्राह्य धरावा. यातल्या आदेशाच्या तारखेला आणि अनुभवाच्या दाखल्याला तर तिजोरीतला एक रुपयाही लागत नाही.