चकमक 'झडते' म्हणजे काय?

'सीमेवर चकमक झडली' अशी बातमी विद्यार्थी नेहमी वाचतात. पण चकमक ही मुळात विस्तव पेटवण्याची वस्तू होती, हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

टिटवाळ्याजवळची काळू नदी दख्खनच्या काळ्या पाषाणातून वाहते. या खडकाच्या पोकळ्यांत सिलिका साचून गारगोट्या तयार होतात. आगपेटी येण्यापूर्वी अशी गार, पोलादाचा तुकडा आणि सावरीच्या कापसासारखे चटकन धुमसणारे काहीतरी, एवढ्या सामग्रीवर विस्तव होई. पोलाद गारेवर झाडायचे, ठिणगी कापसावर झेलायची आणि हलकेच फुंकायचे.

ही ठिणगी कोणाची? बहुतेकजण 'दगडाची' असे उत्तर देतात. वास्तविक गारेची कठीणता ७, पोलादाची त्याहून कमी. त्यामुळे गार पोलादाचा बारीक कण खरवडून काढते. घर्षणाने तापलेला हा कण हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळतो. रॉबर्ट हूक याने अशा ठिणग्यांचे विझलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १६६५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत त्याला वितळून गोल झालेले लोखंडाचे कण दिसले होते.

आता शब्दाकडे वळू. कानाला तो 'चमकणे'च्या घरातला वाटतो, पण तसे नाही. तुर्की भाषेत 'चाकमाक' म्हणजे आघात करून ठिणगी पाडणे. 'कैची'प्रमाणे हाही शब्द तुर्कीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. आजही तुर्कस्तानात सिगारेटच्या लायटरला हेच नाव आहे.

१८२७ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन वॉकरने घासून पेटणारी काडी विकायला काढली. पुढे स्वीडनमध्ये सुरक्षित काडेपेटी तयार झाली. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलावर 'विम्को'चा आगपेट्यांचा कारखाना कल्याणजवळ अंबरनाथला उभा राहिला. आगपेटी घरोघर पोहोचली तशी चकमक स्वयंपाकघरातून गेली. शब्द मात्र लढाईच्या अर्थाने उरला. गारेवर पोलाद 'झाडतात', म्हणून चकमक आजही 'झडते'. वस्तू हरवली तरी तिचे क्रियापद आपण जपले आहे.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकाखाली पडलेली भुकटी त्याचे काम थांबल्यावर कागदावर गोळा करावी आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवावा. भुकटीतले काही कण चुंबकामागे धावतील. ठिणगी कोणाची, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.