पवित्र द्राक्षारस : टस्कनीच्या माळ्यावरून भीमेच्या कांठीं

ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, हें आपण आवडीनें विचारतों. परंतु वेदीवरील लहानशा कुपींतला द्राक्षारस कोठून येतो, हें विचारावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्या कुपीलाहि इतिहास आहे, आणि त्याची एक वाट आपल्या शिरूर-दौंडच्या शिवारापर्यंत येऊन पोंचली आहे.

मिस्साबलिदानाचा द्राक्षारस कसा असावा, याविषयींचा ख्रिस्तसभेचा नियम थोडक्या शब्दांचा आहे. इ. स. १९८३ च्या धर्मसंहितेचें ९२४ वें कलम सांगतें कीं, तो द्राक्षांच्याच फळाचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा, आणि अर्पणाच्या वेळीं त्यांत किंचित् पाणी मिसळावें. तांबडा कीं पांढरा, याचें बंधन नाहीं. वेदीच्या शुभ्र वस्त्रांवर डाग पडूं नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणीं पांढरा पसंत करतात, इतकेंच.

अशा पांढऱ्या द्राक्षारसांपैकीं ज्याच्या नांवांतच पावित्र्य आलें आहे, असा एक इटलींतील टस्कनी प्रांतांत होतो. तेथील लोक त्यास 'वीन सांतो', म्हणजे पवित्र द्राक्षारस, म्हणतात. त्रेब्बियानो व मालवाझिया या पांढऱ्या जातींचे घोंस तोडून ते गवती चटयांवर पसरतात किंवा आढ्याला टांगतात. हिवाळ्यांत मण्यांतील पाणी आटतें, साल सुरकुततें, गोडी दाट होते. मग रस काढून तो 'कारातेल्ली' नांवाच्या लहान लाकडी पिंपांत भरतात व पिंपें बंद करून घराच्या माळ्यावर ठेवतात. तेथें उन्हाळ्याची तलखी आणि हिवाळ्याचा गारठा सोशीत तो निदान तीन वर्षें मुरतो. पाहुणा आला, कीं बदामाच्या कडक बिस्किटांबरोबर त्याचा लहानसा पेला पुढें करावयाचा, अशी तिकडील रीत आहे.

हें नांव कसें पडलें, याच्या अनेक कथा सांगतात. इ. स. १३४८ च्या महामारींत सिएना नगरींत एका फ्रान्सिस्कन संन्याशानें मिस्सेचा द्राक्षारस रोग्यांस पाजला, आणि त्यांस आराम पडला, ही एक. इ. स. १४३९ मध्यें फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेंत ग्रीक धर्मपंडित बेस्सारियोन यांनीं तो चाखून पिवळ्या रंगाचा वाचक असा एक ग्रीक शब्द उच्चारला, व ऐकणारांस तो 'सांतो' असा ऐकूं आला, ही दुसरी. या दोन्ही दंतकथाच समजाव्या. त्याहून साधें कारण असें देतात, कीं हा रस मिस्सेसाठीं वापरीत, आणि पुष्कळदां पवित्र सप्ताहाच्या सुमारास तो काढीत.

वाळलेल्या द्राक्षांचा हा धागा आपल्या देशाशींहि जुळतो. मलबारांतील प्राचीन ख्रिस्ती लोकांस ताजीं द्राक्षें दुर्मिळ असल्यामुळें ते मनुका भिजवून त्यांचा रस वेदीसाठीं वापरीत. इ. स. १५९९ मध्यें उदयंपेरूर येथें भरलेल्या धर्मसभेनें पोर्तुगालच्या राजानें दरवर्षीं द्राक्षारस धाडावा, अशी विनंती केली. पुढें इ. स. १७०६ मध्यें रोमनें निर्णय दिला कीं, रंगावरून व चवीवरून खरा द्राक्षारस म्हणून ओळखूं येत असेल, तर मनुकांचाहि चालेल. एका कुपीसाठीं आपल्या पूर्वजांस समुद्रापलीकडे डोळे लावून बसावें लागे!

आतां आपल्या परिसराकडे वळूं. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानेंहि धर्मविधींच्या द्राक्षारसासाठीं वेगळी तरतूद ठेवली होती. १९८० नंतरच्या दशकांत जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं फेसाळ द्राक्षारसाचा कारखाना नांवारूपास आला. तेथील मीना नदी घोडेला मिळते, घोड शिरूरवरून भीमेला जाते, आणि भीमा दौंडला वळसा घालते. १९९७ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें द्राक्षांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झालें. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें. त्यानंतरच्या दशकांत दौंड तालुक्यांतील रोटी या गांवीं द्राक्षारसाचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि पलीकडे अकलूज येथें टस्कनीचेच पिएरो मासी यांच्या देखरेखीखालीं इटालियन वेलींची लागवड झाली. ज्या गांवाचें नांवच रोटी, तेथें द्राक्षांचा रस निघावा, हा योगायोग वेदीवरील भाकर व द्राक्षारस नित्य पाहणारास कसा विसरेल?

दख्खनच्या वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां, एप्रिलच्या व ऑक्टोबरच्या सुमारास होते. फळ फेब्रुवारी-मार्चमध्यें हातीं येतें. म्हणजे टस्कनींत वाळलेले घोंस पिळले जातात, त्याच उपवासकाळांत इकडे ताजे घोंस तोडले जातात. उन्हांत वांकून ते तोडणाऱ्या मजूर बायाबापड्यांचे कष्ट त्या थेंबांत असतात. अर्पणाच्या वेळीं 'मानवी हातांचें काम' असे शब्द आपण ऐकतों, तेव्हां ते हात आपल्याच शिवारांतले आहेत, हें ध्यानीं असूं द्यावें.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. बाजारांतील प्रत्येक बाटली वेदीयोग्य नसते. शुद्धतेची खात्री असलेलाच द्राक्षारस तेथें चालतो. तसेंच वेदीवरील घोटाचा दाखला देऊन घरांत व्यसन आणणें हें त्या घोटाचा अपमान करणें होय. दारूनें मोडलेले संसार आपल्या वस्त्यांतून कमी नाहींत. वीन सांतोचें वैभव त्याच्या कैफांत नाहीं, तें धीरांत आहे : बंद पिंप, वर्षांची वाट, आणि शेवटीं लहानसा पेला.

प्रिय धर्मबंधु-भगिनींनो, पुढील रविवारीं वेदीजवळ कुपी नेली जाईल, तेव्हां क्षणभर तिच्याकडे पाहा. त्या चार थेंबांत मलबारच्या मनुका आहेत, टस्कनीचा माळा आहे, आणि भीमेकांठच्या मजुराचा घाम आहे. आपल्या धर्मग्रामाचा संसारहि असाच धीरानें मुरत, न बिघडतां, पुढच्या पिढीच्या हातीं जावो!