जीपच्या पाठीवरचा नांगर



मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा लवकर सुटली, पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा इतिहासकाराच्या ऐटीत मी बोलू लागलो तर तुम्ही हसाल, आणि ते योग्यच होईल. मला आज फक्त एका झाकणाची गोष्ट सांगायची आहे.

मी उमेदवार फिटर होतो तेव्हा आमच्या शेडमध्ये एक जुनी जीप दुरुस्तीला आली. गाडीखाली उताणा पडून मी तेल पुसत होतो. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी जी पेटी असते, तिच्या पाठीमागे बोल्टांनी आवळलेले एक झाकण दिसले. आत काहीच नव्हते. नुसते भोक, आणि भोकात गिअरच्या दांड्याचे टोक. मी आमच्या मिस्त्रींना विचारले, "काका, हे कशासाठी?" ते म्हणाले, "इथून नांगर चालायचा, बाळ." मला वाटले, म्हातारा थट्टा करतो. पुष्कळ वर्षांनी कळले की काका खरे बोलत होते. निदान बरेचसे खरे.

जीपचा जन्म युद्धातला. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या लष्कराने टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर असणारी गाडी मागितली. मुदत इतकी तुटपुंजी की मोठ्या कंपन्यांनी हात आखडला. पेनसिल्व्हानियातील बटलर गावच्या बॅन्टम या लहानशा, डबघाईला आलेल्या कंपनीने ती ४९ दिवसांत उभी केली व २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केली. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याचा. पण बॅन्टमचा कारखाना छोटा. मोठी ऑर्डर गेली टोलेडो शहरातील विलिस-ओव्हरलँडकडे, आणि पाठोपाठ फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. विलिसने जाहिरातीत जीपचे जनकत्व स्वतःकडे घेतले, तेव्हा तेथील सरकारी व्यापार आयोगाने हरकत घेतली आणि १९४८ साली निकाल दिला की मूळ कल्पनेचे श्रेय बॅन्टमचे व लष्कराचे. निकाल लागला, पण तोवर धंदा विलिसच्या घरी नांदत होता. श्रेय एकाच्या पदरात आणि पैसा दुसऱ्याच्या, हा प्रकार आम्हा कामगारांना नवा नाही.

टोलेडोचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट सांगून पुढे जातो. याच शहरात १९३४ साली ऑटो-लाइट या मोटारींचे विजेचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोठा संप झाला. राष्ट्रीय रक्षक दलाच्या गोळीबारात दोन माणसे मेली, आणि अखेर कंपनीला युनियन मान्य करावी लागली. जीपचे वर्णन वाचताना सेनापतींची नावे भेटतात. ती जोडणारे हात कोणत्या शहरातले होते, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते.

आता नांगराकडे येऊ. लढाई संपली की लष्करी ऑर्डर थांबणार, हे विलिसच्या मालकांना ठाऊक होते. एवढा कारखाना, एवढी माणसे. त्यांना काम कोणते द्यायचे? शहरी मोटारींच्या बाजारात मोठ्या कंपन्यांपुढे निभाव लागणे कठीण. पण शेतावर घोडे कमी होत होते, युद्धामुळे गडी मिळेनासे झाले होते आणि ट्रॅक्टरांची टंचाई होती. खुद्द अमेरिकेच्या शेतकी खात्याने १९४२ सालीच अलाबामातील ऑबर्न येथे लष्करी जीप शेतीकामाला लावून पाहिली होती. १९४४ साली विलिसने काही मोजक्या नमुना-गाड्या तयार केल्या आणि जुलै १९४५ मध्ये, जपानशी युद्ध अजून चालू असतानाच, सी-जे-टू-ए नावाची नागरी जीप बाजारात आणली. किंमत १,०९० डॉलर. कोणी याला युद्धाचे शांततेत रूपांतर म्हणेल. मला तो कारखाना चालू ठेवण्याचा खटाटोप दिसतो, आणि त्यात गैर काही नाही.

या जीपमध्ये बदल कोणते केले ते पाहण्यासारखे आहे. मागे उघडणारी फळी आली, दिवे मोठे झाले. पण खरा बदल पोटात होता. मागच्यापुढच्या अ‍ॅक्सलमधील दात्यांचे प्रमाण ४.८८ चे ५.३८ केले आणि पेटीतले हळू चालीचे प्रमाण १.९७ चे २.४३. म्हणजे धाव कमी, ओढ जास्त. घोड्याचा बैल करण्याचा प्रयत्न. आणि माझ्या त्या झाकणाच्या जागी जोरदांडा बसवण्याची सोय. हा दांडा गाडीच्या पाठीमागे बाहेर येई. शेतीयंत्रांसाठी त्याची गती मिनिटाला ५४० फेरे अशी ठरून गेली होती. दांड्याला पुली लावली की पट्ट्यावर मळणीयंत्र चाले, लाकूड कापायचा करवत चाले, कडबा कापता येई. काम वाढले की इंजिन दबते, कमी झाले की उधळते; म्हणून गव्हर्नर बसवत. टोलेडोच्याच न्यूग्रेन कंपनीने जीपसाठी नांगर, कुळव आणि ते उचलणारे यंत्र विकले. पुढे मन्रो कंपनीचे तेलाच्या दाबावरचे उचलयंत्र आले. खांबांचे खड्डे पाडायचा गिरमिट, बर्फ सारायचे पाते, वेल्डिंगचा जनित्र, हवेचा पंप, काय वाटेल ते! जाहिरात म्हणे, एकाच गाडीत ट्रॅक्टर, मालगाडी, घरची मोटार आणि फिरते वीजघर.

मग शेतकऱ्याने ट्रॅक्टर का फेकून दिला नाही? इथे वजाबाकी करावी लागते. जीपचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, पण ही ताकद मिनिटाला ४,००० फेऱ्यांना. सगळ्यात हळू गिअरमध्ये, इंजिन २,००० फेऱ्यांवर ठेवले तरी, माझ्या हिशोबाने गाडी ताशी सात किलोमीटरच्या आसपास पळते. नांगरटीला चालेल, कोवळ्या पिकात कोळपणीला नाही. पोट जमिनीपासून जेमतेम आठ इंच वर. मका वीतभर वाढला की गाडी त्यावरून जाऊ शकत नाही. दोन चाकांतले अंतर सुमारे ४८ इंच, ते बदलता येत नाही. मक्याच्या ओळी मात्र ४० इंचांच्या आसपास. ट्रॅक्टरची चाके आतबाहेर सरकवता येत. शिवाय १९३९ पासून फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर होता: किंमत ५८५ डॉलर, नांगर तीन सांध्यांनी जोडलेला, खोली आपोआप सांभाळणारा. युद्धानंतर किमती चढल्या हे धरले तरी, ज्याला फक्त नांगरायचे आहे त्याने जीप घ्यावी कशाला? १९५१ साली विलिसने खास शेतीची जीप काढली. ती फारच थोडी खपली. पण साध्या नागरी जीपचा खप मोठा झाला. पहिल्या सी-जे-टू-ए चीच संख्या दोन लाखांवर गेली. लोकांनी ती घेतली ती बाजाराला जायला, कुंपण बघायला, पंप ओढायला. नांगर अनेकांच्या बाबतीत जाहिरातीतच राहिला असावा.

इंग्लंडात मॉरिस विल्क्स या रोव्हर कंपनीच्या मुख्य अभियंत्याजवळ अँगलसी बेटावरच्या शेतावर युद्धातली एक जुनी जीप होती. ती खंगली की तिच्या जागी काय आणायचे, यातून लँड-रोव्हर निघाली. पहिल्या नमुन्याचे चक्र ट्रॅक्टरसारखे मधोमध होते. ३० एप्रिल १९४८ रोजी ती अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली, किंमत ४५० पौंड. पोलादाचे रेशनिंग म्हणून अंग अ‍ॅल्युमिनियमचे. तिच्यातही जोरदांड्याची सोय होती. जर्मनीत वाट उलटी. अल्बर्ट फ्रीड्रिखचे उनिमोग पहिल्यापासून शेतीसाठीच आखलेले, चाकांतले अंतर १,२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन ओळींइतके. पुढे तेच लष्करांनी विकत घेतले!

आपल्याकडे महिंद्रांनी १९४९ साली माझगावला विलिस जीप जोडायला सुरुवात केली. १९५२ साली सामूहिक विकास योजना आली आणि जीप खेडोपाडी पोचली. पण तिच्यात नांगर नव्हता, साहेब होता. शेताच्या बांधापर्यंत येऊन ती थांबे, साहेब उतरत, शेतकरी बैल उभे करून नमस्कार करी. नांगरणीचे यंत्र निराळ्या दाराने आले. १९६३ साली त्याच महिंद्रांनी अमेरिकन हार्वेस्टर कंपनीच्या भागीदारीत ट्रॅक्टरची वेगळी कंपनी काढली, आणि बी-२७५ ट्रॅक्टर तिचा.

आमच्या शेडमधल्या त्या जीपचे झाकण गळत होते. काकांनी जाड कागद कापून नवे पॅकिंग केले, मी बोल्ट आवळले, आणि गाडी दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या कामावर खडी तपासायला निघून गेली.